मल्लव्वाच्या खुणा

प्रिय मीरा आणि निखिल,

तुमच्या शाळेने ‘आपल्या घराण्यातील शूर व्यक्ती’ या विषयावर दोन पानं लिहायला सांगितली आहेत. परवा फोनवर निखिलने मला विचारलं, “आजी, आपल्यात कुणी तुरुंगात गेलं होतं का?” तुमच्या आईला घाई होती म्हणून मी नुसतं ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. ते उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवताना मी अपुऱ्या उत्तराला निम्मेच गुण देत आले. तेव्हा उरलेले निम्मे मिळवण्यासाठी हे लिहिते. तुमची आई वाचून दाखवील. अडलेले शब्द तिलाच विचारा, तिलाही सगळे येणार नाहीत.

आपल्या घरातलं माणूस तुरुंगात गेलं नाही. आपल्या घरातली एक टोपी मात्र अटकेत होती. ती कशी सुटली हे सांगायचं तर मल्लव्वाबद्दल सांगावं लागेल, आणि मल्लव्वाला डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

मल्लव्वा आमची परटीण. सोलापुरात आमच्या गल्लीतली आणि पुढच्या दोन गल्ल्यांतली बहुतेक घरं तिच्याकडे. उंच, काळी, हाडापेराची बाई. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कमरेला हिरव्या इरकलीचा घट्ट कासोटा आणि उजव्या हाताचा अंगठा कोळशासारखा काळा. अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. मोजणं मात्र पूर्ण कानडीत. दर सोमवारी आमच्या ओसरीवर बसून ती कपडे मोजायची, “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...” मी शेजारी वही घेऊन बसायची. कपड्यांची वही लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी ती इंग्रजीत लिहीत असे. मल्लव्वाला कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. तरी माझी वही चुकायची, तिचं मोजणं चुकत नसे. “तुज्या वहीला इचार, पोरी,” ती म्हणायची, “एक पंचा कुटं खाल्ला तिनं?”

तिचं लिहिणं बिब्ब्याचं. बिब्ब्याला सुई टोचायची, सुईच्या टोकावर आलेला काळा रस कापडाच्या कोपऱ्यात टेकवायचा आणि वर चुन्याचं बोट लावायचं. कापड फाटेल, पण ती खूण जायची नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. तिच्या सासूने धंदा सुरू केला तेव्हा पहिल्या घराला एक टिंब दिलं, दुसऱ्याला दोन. पुढे घरं वाढली तशी टिंबांना रेघ मिळाली, रेघेची फुली झाली, फुलीच्या कोपऱ्यांत टिंबं बसू लागली. म्हणजे जितकं जुनं घर तितकी साधी खूण. आमची फुली आणि तीन कोपऱ्यांत तीन टिंबं. सगळ्यांत नवं आणि सगळ्यांत भरगच्च गिऱ्हाईक होतं कॅम्पातल्या मोठ्या गोऱ्या साहेबाचा बंगला. त्याला फुली आणि चारी कोपऱ्यांत चार टिंबं. एवढी सजलेली खूण आपल्याला का नाही, म्हणून मी एकदा रुसले होते. मल्लव्वा म्हणाली, “उशिरा येणाऱ्याला आसंच लई नटावं लागतंय.”

माणसाचे कपडे धुणाऱ्या बाईला माणसाचं सगळं कळतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, शाळेत गणित शिकवायचे. ते चोरून तपकीर ओढतात हे आईला कळायच्या चार वर्षं आधी त्यांच्या रुमालांवरून मल्लव्वाला कळलं होतं. तिने आईला सांगितलं नाही. माझा धाकटा भाऊ होणार हे तिला अण्णांच्या आधी ठाऊक होतं. तेही तिने सांगितलं नाही. तिचं एक वाक्य होतं, “कापडाला तोंड आसतंय, परटिणीला नसतंय.” एकदा समोरच्या घरातल्या काकूंनी तिला चहा देऊन गोडीत विचारलं, “काय गं मल्लव्वा, पलीकडची नवी सून अजून वेगळंच अंथरूण घालते का गं?” मल्लव्वाने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हणाली, “सांगते की. आदी तुमच्या घरचं पलीकडं सांगून येते, मंग त्यांचं तुमाला सांगते. चालंल?” काकूंनी पुन्हा चहा दिला नाही.

आणि खोटं बोलायचं नाही, हा दुसरा नियम. एकदा इस्त्रीने अण्णांचं नवं धोतर जळलं. दुसरी एखादी परटीण ते घडीत लपवून देती. हिने ते दारातच उलगडलं, भोकातून हात बाहेर काढून दाखवला आणि म्हणाली, “मास्तर, तुमचं धोतर जाळलं. हे बगा भोक.” अण्णा म्हणाले, “अगं, जरा सावकाश सांगावं.” त्यावर ती म्हणाली, “सावकाश सांगून भोक ल्हान हुतंय व्हय?”

आता एकोणीसशे तीस सालाकडे येते.

त्या वर्षी सोलापुराला काय झालं होतं हे तुम्ही पुस्तकात वाचाल. मला आठवतो तो मे महिन्याचा तवा आणि डोक्यांवरच्या पांढऱ्या टोप्या. काल ज्याच्या डोक्यावर पागोटं होतं त्याच्या डोक्यावर आज खादीची टोपी. मल्लव्वा वैतागली होती. टोपीला धुण्यापेक्षा खळ जास्त लागते आणि ती ताठ उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक रुसतं. “स्वराज्य येऊ दे,” ती म्हणायची, “पर त्येला खळ कमी लावा की!”

अण्णा शाळेत काळी टोपी घालून जात. शाळेला सरकारी मदत होती, हेडमास्तर भित्रे होते आणि आमच्या घरात सहा माणसं जेवणारी होती. म्हणून राजकारणात अण्णांचं मत असं नव्हतंच, असा आमचा सगळ्यांचा समज होता. एका संध्याकाळी ते फिरायला म्हणून बाहेर पडले आणि बोडक्या डोक्याने घरी आले. त्या काळी भल्या माणसाने बोडकं घरी येणं म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. आई किंचाळली, “कोण गेलं हो?”

“टोपी गेली,” अण्णा म्हणाले.

“काळी टोपी तर खुंटीला आहे!”

अण्णा पाय धुवायला वळले. मग आईला उमगलं आणि तिने कपाळावर हात मारला. मैदानात सभा होती, पोलिसांनी लाठ्या चालवून ती उधळली होती, आणि आमचे गणिताचे मास्तर पांढरी टोपी घालून त्या सभेत मागच्या बाजूला उभे होते. पळापळीत टोपी पडली. मी बारा वर्षांची होते आणि मला व्यवस्थितपणाची हौस. मी म्हटलं, “ती माझ्या वहीत आहे. मागच्या सोमवारी मल्लव्वाकडे दिली होती. ‘कॅप, व्हाइट, वन’.” आईने माझी वही हातातून घेतली आणि सरळ चुलीत घातली. इंग्रजी शिक्षणावरचा तिचा तो पहिला आणि शेवटचा हल्ला.

पुढच्या काही दिवसांत गावात लष्कर आलं. मार्शल लॉ पुकारला गेला. पांढरी टोपी घालणं हाच गुन्हा झाला. आणि आमच्या चौकीवर एक नवा फौजदार आला. परगावचा, तरुण, मिशांना मेण लावणारा. त्याला नाव काढायचं होतं. चौकीच्या कोपऱ्यात सभेच्या मैदानातून उचललेल्या चपला, काठ्या आणि बारा टोप्या पडल्या होत्या. त्यांचं काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं. ते सुचलं रानबा हवालदाराला. रानबा सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. तो म्हणाला, “साहेब, आमच्यात मेंढरू चुकलं की त्येचा कान बगत्यात. टोपीला बी कान आसतोय की.” टोपी उलटून पाहिली तर आत बिब्ब्याची खूण.

फौजदाराला वाटलं, बढती आली. त्याने परटिणीला बोलावणं धाडलं आणि पंचनाम्यासाठी गावातले दोन प्रतिष्ठित गृहस्थ पंच म्हणून बोलावले. एक होते पेठेतले धान्याचे व्यापारी. दुसरे प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे आमचे अण्णा.

यापुढचं मी अण्णांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ते ही गोष्ट पुष्कळदा सांगत आणि दर वेळी तिच्यातला फौजदार थोडा अधिक घामाघूम होई. तेवढी सूट देऊन वाचा.

टेबलावर तीन ओळींत चार-चार टोप्या उलट्या मांडलेल्या होत्या. दुसऱ्या ओळीतली तिसरी आपली, हे अण्णांनी दारातूनच ओळखलं आणि नंतर तासभर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. मल्लव्वा टेबलाजवळ आली. एकेका टोपीवरून तिने हात फिरवत नेला, कपडे मोजताना फिरवायची तसाच. शेवटच्या टोपीवर हात थांबला. अण्णा म्हणत, क्षणभरच, पण थांबला. त्या टोपीत खूण नव्हती.

“या खुणा तुझ्याच ना?” फौजदाराने विचारलं.

“व्हय, माज्याच.”

“मग सांग, कोणती कुणाची?”

अण्णांना ठाऊक होतं की ही बाई खोटं बोलत नाही. त्यांनी मनातल्या मनात सहा माणसांच्या संसाराबद्दल माझ्या आईची क्षमा मागितली.

“सायेब,” मल्लव्वा म्हणाली, “मळकं कापूड मी वाचत न्हाय.”

“म्हणजे?”

“माती बसलीया, रगात बसलंय. टिंब कंचं आन् डाग कंचा? भट्टीतनं काडलं, खळ दिली, इस्त्री फिरली, की खूण बोलती. तीन दिस द्या.”

फौजदार संशयाने म्हणाला, “आणि धुण्यात खूण गेली म्हणजे?”

ही मात्र रानबाला बिब्ब्याची बदनामी वाटली. “न्हाय जात साहेब! बिब्बा हाय त्यो. माणूस जातोय, बिब्बा न्हाय जात.”

तेव्हा पंचनामा झाला. बारा टोप्या, पैकी अकरांवर खुणा, एकीवर नाही. कोणती खूण कशी दिसते हे लिहून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. अण्णांनी सही केली. रानबाने बरोबर जावं, टोप्या नजरेआड होऊ देऊ नयेत आणि एकही खूण पुसू देऊ नये, असा हुकूम निघाला.

रानबाने तो हुकूम अक्षरशः पाळला. तीन दिवस तो तळ्याकाठी मल्लव्वाच्या धुण्याच्या दगडाशेजारी काठी घेऊन बसून होता. भट्टी लागली तेव्हा लाकडंही त्यानेच सारली. टोप्या वाळल्या तसा मल्लव्वाने बिब्बा काढला आणि एक-एक टोपी मांडीवर घेऊन सुई टेकवायला सुरुवात केली. रानबाने विचारलं, “ह्ये काय चाललंय?” ती म्हणाली, “भट्टीनं खूण दमती. उजळाय लागती.” ‘दमती’ हे खोटं म्हणावं की नाही, यावर अण्णा आणि आई यांच्यात पुढे वीस वर्षं मतभेद होता. रानबाला ते पटलं. त्याला खूण पुसू द्यायची नव्हती, आणि ती तर काहीच पुसत नव्हती.

चौथ्या दिवशी टोप्या टेबलावर आल्या. इतक्या ताठ, की अण्णा म्हणत, वारा आला असता तर होडीसारख्या निघाल्या असत्या. फौजदाराने पहिली टोपी उलटली. फुली, चार टिंबं. दुसरी उलटली. फुली, चार टिंबं. तिसरी, चौथी, पाचवी... अकराव्या टोपीपर्यंत त्याच्या मिशांचं मेण वितळलं होतं.

“तू खुणा बदलल्यास!”

“बदलत्यात व्हय? हवालदाराला इचारा की.”

“एकबी पुसली न्हाय साहेब,” रानबा छाती काढून म्हणाला. “म्या सोता बगत हुतो. उलट लई झाक उजळल्या.”

“ही खूण कुणाची?” फौजदार ओरडला.

“बंगल्याची,” मल्लव्वा म्हणाली.

“कोणत्या बंगल्याची?”

“कॅम्पातल्या मोट्या सायबाच्या. त्येंच्या चादरी, त्येंचे लेंगे, समद्यांवर हीच हाय. धाडा मानूस, बगून येऊ दे.”

फौजदाराने अकरावी टोपी टेबलावर ठेवली. मग आमचे अण्णा, ज्यांनी आयुष्यात वर्गाबाहेर कधी आवाज चढवला नव्हता, त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, “फौजदारसाहेब, पंचनाम्यात कसं लिहू? ‘सभेत सापडलेल्या अकरा टोप्या मोठ्या साहेबांच्या असल्याचं निष्पन्न झालं’, असं?” व्यापाऱ्यांना खोकल्याची उबळ आली. ते उठून बाहेर गेले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला फोनवरच सांगितली असती. पण टेबलावर बारावी टोपी होती.

तीही धुतलेली, ताठ, आणि आतून कोरी. पंचनाम्यात ‘एकीवर नाही’ असं लिहिलेलं, त्यामुळे तिच्यावर सुई टेकवणं शक्यच नव्हतं. फौजदाराने हताशपणे ती उचलली. “आणि ही? हिला खूण का नाही?”

रानबाला त्या दिवशी आपल्या ज्ञानाचा फार अभिमान झालेला. तो चटकन म्हणाला, “साहेब, परीट समद्यांच्या कापडाला खूण घालतोय. आपल्या घरच्या कापडाला कशाला घालंल?” बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. तीन दिवस तो तिच्या हातची भाकरी खात होता. त्याचा चेहरा पाहवेना, असं अण्णा म्हणत.

“तुझी आहे ही?” फौजदाराने विचारलं.

गोष्टीत या ठिकाणी अण्णांचा आवाज नेहमी बारीक होई. ते म्हणत, खोटं बोलायला तिला पुष्कळ जागा होती. वाऱ्याने उडून आली, दुसऱ्या परटाची असेल, काहीही. ऐकताना मला दर वेळी वाटे, आता खोटं बोलेल, आता बोलेल.

“आमचीच,” मल्लव्वा म्हणाली. “माज्या गुरपादची.”

गुरपाद तिचा एकुलता एक मुलगा. वीस वर्षांचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. आई कपडे धुते म्हणून त्याला कमीपणा वाटे. तो सभेला गेला होता हे तिला चौकीतल्या टेबलाजवळच कळलं, स्वतःच्या हाताची शिवण पाहून. म्हणजे तीन दिवस ती अकरा घरांच्या टोप्यांवर टिंबं देत बसली होती तेव्हा बारावीचं काय होणार हे तिला माहीत होतं.

फौजदाराला एक तरी माणूस पाहिजेच होता. गुरपादला सहा महिन्यांची सजा झाली. गिरणीतलं काम गेलं. पंचनाम्यावर दोन सह्या होत्या, त्यांतली एक अण्णांची. त्या सहीबद्दल अण्णांनी एकदाच तोंड उघडलं. आईला म्हणाले, “माझी टोपी दुसऱ्या ओळीत तिसरी होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की ती माझी. मला जमलं नाही.” आई म्हणाली, “सहा माणसं आहेत घरात.” अण्णा म्हणाले, “तिच्या घरात दोनच होती.”

त्यानंतरच्या सोमवारी मल्लव्वा कपडे न्यायला आली नाही. तेव्हा अण्णांनी कपड्यांचं बोचकं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि भर गल्लीतून, ओळखीच्या सगळ्या दारांसमोरून, तिच्या घरी नेऊन दिलं. गणिताचे मास्तर डोक्यावर बोचकं घेऊन चाललेत हे पाहायला बायका खिडक्यांत आल्या. मल्लव्वा त्यांना बघून म्हणाली, “अय्यो शिवने! मास्तर, गाडव मेलेलं न्हाय माजं अजून.” अण्णांनी गुरपाद सुटेपर्यंत दर सोमवारी हे केलं. दोन महिन्यांनी व्यापाऱ्यांच्या घरचं बोचकंही व्यापारीच आणू लागले. समोरच्या काकांना काकूंनी पाठवलं. सोमवार सकाळी मल्लव्वाच्या दारात गृहस्थांची रांग लागे आणि ती त्यांना कपडे नीट बांधले नाहीत म्हणून बोले.

वर्षअखेरीस गंमत झाली. मोठ्या साहेबाची बदली झाली. चौकीतल्या अकरा टोप्या त्या खुणेमुळे कागदोपत्री बंगल्याच्याच होत्या, म्हणून कुण्या शिस्तीच्या कारकुनाने त्या बंगल्यावर पोचत्या केल्या. बंगल्यावरच्या बटलरने त्या शेवटच्या धुण्यात मल्लव्वाकडे टाकल्या आणि साहेबाबरोबर तोही निघून गेला. अकराही टोप्यांवर एकच खूण. तरी मल्लव्वाने कुणालाही न विचारता त्या आपापल्या घरी पोचवल्या. आमची दोन चादरींच्या मध्ये आली, इस्त्री केलेली. बारावी चौकीतून कोर्टात गेली होती.

गुरपाद सुटून आला. गिरणीने दारात उभं केलं नाही, तेव्हा निमूट आईच्या दगडाशेजारी दुसरा दगड टाकून उभा राहिला. पुढे त्याने चौकात लाँड्री काढली, काचेच्या दाराची. मल्लव्वा त्या दारातून कधी आत गेली नाही. म्हणायची, “त्यात माजंच थोबाड दिसतंय.”

मी तिला शेवटची पाहिली ती पुण्याला कॉलेजात जायच्या आदल्या दिवशी, सदतीस साली. तळ्याकाठी ती वाळलेले कपडे गोळा करत होती. केस पांढरे झाले होते. मी तेव्हा इंग्रजी पुस्तकं वाचून फार गंभीर झाले होते. मी म्हटलं, “मल्लव्वा, खरं सांग. त्यांनी टोप्या मोजून लिहून ठेवल्या नसत्या, तर तू बाराव्या टोपीवर खूण घातली असतीस का?” मला वाटलं होतं, ती सत्याबद्दल काहीतरी सांगेल. पुण्याला सांगण्यासारखं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं सगळं शिक्षण वाया गेलं.

“घातली आसती की! मी काय येडी हाय?” ती म्हणाली. “पोटचं पोर हाय ते माजं.”

मग तिने गाढवावर बोचकं टाकलं, त्याच्या ढुंगणावर थाप मारली आणि “ओंदु, एरडु, मूरु” असं मोजत, कशाचं ते माहीत नाही, चढण चढून गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला आले तेव्हा ती नव्हती.

गुरपादची लाँड्री अजून आहे. त्याचा नातू चालवतो. कपड्यांना आता कागदाच्या चिठ्ठ्या लावतात. आमची टोपी माझ्याकडे आहे, खादी पिवळी पडली आहे, बिब्बा काळाच आहे. बाकीच्या दहा टोप्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. गुरपादची टोपी परत मिळाली नाही.

तुमची,
आजी